वासरं दगावतात, आईबाप मात्र धडधाकट: दोष रोगात की रक्तात?

दावणकरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेल्या दोन वर्षांत माझ्या गोठ्यात तीन वासरं गेली. तिघांची गोष्ट इतकी सारखी आहे की आता योगायोग म्हणून सोडून देववत नाही, म्हणून हा धागा.

जन्मली तेव्हा तिन्ही चांगली होती. आपापली उठली, चीक प्यायली. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास हगवण लागली, मग खोकला. प्रतिजैविक दिलं की चार दिवस बरं, बंद केलं की पुन्हा तेच. हिरड्या सुजल्या, तोंडात व्रण आले. एकीच्या कानाला बिल्ला मारला होता, ती जखम महिना उलटला तरी भरली नाही. आणि एवढी चिघळूनही पू म्हणाल तर थेंबभर नाही. वाढ खुंटली. एक अडीच महिन्यांचं होऊन गेलं, दुसरं चार महिन्यांचं, आणि शेवटची कालवड सहाव्या महिन्यात. त्याच गोठ्यात त्याच वयाची बाकीची वासरं ठणठणीत आहेत.

शेवटच्या कालवडीचं रक्त तपासलं तेव्हा पांढऱ्या पेशी साठ हजारांच्या वर निघाल्या. मोठा जंतुसंसर्ग आहे असं सांगून औषध बदललं गेलं. ती गेली त्या रात्री तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. दहा दिवस काही खाल्लं नव्हतं तिनं, तरी हात लावला की कान हलवायची.

कळप होल्स्टिन या काळ्या-पांढऱ्या विदेशी दुधाळ जातीच्या रक्ताचा आहे. तिघांच्याही आया दुधाला उत्तम, वळूही निरोगी. सगळे म्हणतात की आईबाप चांगले आहेत, तेव्हा दोष गोठ्याच्या स्वच्छतेत. मी जमीन खरवडून काढली, चुना मारला, वासरांची जागा बदलली, तरी तिसरं गेलंच. हे रोगाचं आहे की रक्ताचं, हे ओळखायचं कसं? आणि पैदास करणाऱ्याला आनुवंशिकतेतलं किमान काय कळायला हवं?

चाराकुट्टी

वाचून वाईट वाटलं. चीक किती आणि कधी पाजला होता? पहिल्या सहा तासांत वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटात गेला नाही तर नंतर कितीही पाजा, त्यातली प्रतिकारद्रव्यं आतड्यातून रक्तात फारशी जात नाहीत. चोवीस तासांनी तर तो दरवाजा बंदच होतो. माझ्याकडे पूर्वी वासरं जायची त्याचं मुख्य कारण हेच निघालं होतं.

दावणकरी

चीक मोजून पाजतो, वेळही लिहून ठेवतो. तिघांनाही पहिल्या दोन तासांत पाजला होता.

जुना_पशुवैद्य

दावणकरी, तुमच्या लिहिण्यातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: जखम भरत नाही आणि पू मात्र नाही. त्याकडे येतोच, पण आधी एक गोष्ट. रोग आणि रक्त एकमेकांची सोंगं फार बेमालूम घेतात. चाळीस वर्षं जनावरं तपासून माझं झालेलं हे मत आहे.

रोग रक्ताचं सोंग कसं घेतो, याचं उदाहरण म्हणजे बोव्हाइन व्हायरल डायरिया. गाय गाभण असताना साधारण ४० ते १२० दिवसांच्या काळात हा विषाणू गर्भात शिरला, तर गर्भाची प्रतिकारशक्ती तेव्हा घडत असते आणि ती विषाणूला 'आपलाच' म्हणून स्वीकारते. असं वासरू जन्मभर विषाणू अंगावर वागवतं आणि आयुष्यभर तो इतरांना देत राहतं. काही अशक्त जन्मतात, काही वरून अगदी चांगली दिसतात. अशी कालवड मोठी होऊन व्याली की तिचं प्रत्येक वासरू तसंच निघतं. आई तशी, मुलगी तशी, नात तशी. कोणीही म्हणेल की खानदानी दोष आहे. पण तो विषाणू आहे. कानाचा छोटा तुकडा तपासला की कळतं.

मेंढ्यांतलं उदाहरण याहून विलक्षण आहे. अमेरिकेत आयडाहोच्या डोंगरी कुरणांवर एकच डोळा असलेली, विद्रूप चेहऱ्याची कोकरं जन्मत होती. आधी संशय रक्तावरच घेतला गेला. १९५० च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी बरीच वर्षं घालवून शोधलं तेव्हा निघालं की गाभण मेंढीनं चौदाव्या दिवसाच्या सुमारास व्हेराट्रम नावाची एक रानवनस्पती खाल्ली की हे होतं. त्या दिवसांत कळप त्या कुरणावर न्यायचा नाही, एवढाच त्यावर उपाय. चांगल्या रक्ताचे मेंढे उगाच कापून काहीच साधलं नसतं.

आता उलट बाजू, म्हणजे रक्त रोगाचं सोंग घेतं ती. होल्स्टिनमध्ये ब्लॅड नावाचा एक आनुवंशिक दोष आहे. पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटून बाहेर पडावं लागतं, तेव्हाच त्या जखमेपर्यंत पोचतात. चिकटण्यासाठी त्यांच्या अंगावर सीडी-१८ नावाचं एक प्रथिन असतं. ब्लॅड असलेल्या वासरात त्या प्रथिनाच्या १२८ व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. तेवढ्यानं चिकटणं बंद होतं. शरीर आणखी आणखी पेशी बनवत राहतं, रक्तात त्यांची गर्दी होते, आणि जखमेवर मात्र एकही पोचत नाही. पू हा तिथं पोचून मेलेल्या पांढऱ्या पेशींचाच बनतो. पेशी पोचल्या नाहीत, म्हणून पू नाही.

तुमचा रक्ताचा अहवाल आणि ही जखम एकत्र ठेवून पाहिली तर माझा संशय इथं जातो. पण आधी व्हायरल डायरियाची तपासणी करून घ्या, तो वगळल्याशिवाय पुढं जाऊ नका. आणि वळूच्या शेपटीचे मुळासकट वीस-तीस केस काढून ब्लॅडच्या जनुक-चाचणीला पाठवा. मेलेल्या वासरांच्या आया असतील तर त्यांचेही.

आडवाट

डॉक्टर, तुमचं सगळं मान्य, पण मूळ प्रश्न राहिलाच. वळू पाच-सहा वर्षं त्यांच्याकडे निरोगी उभा आहे. दोष त्याच्यात असता तर तोच आधी मेला नसता का?

निळी_शाई

इथं मी लिहिते. जीवशास्त्र शिकवते आणि माहेरी गोठा आहे, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडून विचारला जातो.

गाईच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या ३० जोड्या असतात. (शेळीतही ३०, मेंढीत २७, डुकरात १९.) जोडीतलं एक आईकडून, एक बापाकडून. म्हणजे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती. बहुतेक कामांना एक धड प्रत पुरते. ब्लॅडमध्ये एक प्रत बिघडलेली आणि एक धड असेल तर जनावर पूर्ण निरोगी राहतं, दूधही देतं, वळू असेल तर उत्तम माज ओळखतो. त्याला वाहक म्हणायचं. तो बिघाड अंगावर वागवतो, पण स्वतः भोगत नाही. दोन वाहक एकत्र आले की दर खेपेला चार शक्यता: दोन्हीकडून धड, बापाकडून बिघडलेली, आईकडून बिघडलेली, आणि दोन्हीकडून बिघडलेली. ही चौथी शक्यता आली की वासरू जात्याच आजारी.

हेच डोळ्यांनी पाहायचं असेल तर काळ्या-पांढऱ्या होल्स्टिनच्या पोटी कधीतरी तांबडं-पांढरं वासरू होतं ते आठवा. लोक लगेच रेताच्या कांडीची अदलाबदल झाली म्हणतात. तसं काही झालेलं नसतं. तांबडा रंग दबलेला असतो, आई आणि बाप दोघांनी तो एकेका प्रतीत लपवून आणलेला असतो. दोघे एकत्र आले आणि तो वर आला. ग्रेगोर मेंडेलनं वाटाण्यावर केलेलं काम १८६६ मध्ये छापलं, १९०० पर्यंत ते दुर्लक्षित राहिलं, आणि १९०२ मध्ये विल्यम बेटसननं कोंबड्यांच्या तुऱ्यावर तोच नियम दाखवला. तांबडं वासरू आणि तुमची कालवड एकाच नियमानं जन्मतात.

दोन गोष्टींत सगळे चुकतात. एक, 'चारांत एक' म्हणजे तीन चांगली झाली की चौथं वाईट, असं नाही. प्रत्येक विणीला नव्यानं चिठ्ठी उचलली जाते. दोन, आजारी वासरं क्वचित दिसतात म्हणून वाहकही क्वचित असतील असं वाटतं. हिशोब करून पाहा. जनावरांचे संकर जुळवून न होता सरमिसळ होत असतील आणि दर ४०० वासरांत एक आजारी जन्मत असेल, तर बिघडलेली प्रत वीसांत एक असते आणि वाहक जवळजवळ दहात एक! आजार वर दिसतो तो हिमनगाचा तुकडासुद्धा नव्हे, त्याहून लहान.

आडवाट

समजलं, आणि पटलंही. आता माझं नेहमीचं म्हणणं मांडतो. एवढं तपासत बसण्यापेक्षा रोगाला दाद न देणारी काटक जातच पाळावी. लशी नकोत, औषधं नकोत.

जुना_पशुवैद्य

यात अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं मोलाचं आहे. पश्चिम आफ्रिकेतली एन'दामा गाय त्सेत्से माशीच्या पट्ट्यात, त्या माशीनं पसरवलेले ट्रायपॅनोसोम नावाचे परजीवी रक्तात असतानाही चालते-फिरते, वासरं देते. त्या पट्ट्यात बाहेरून आणलेल्या गाई टिकत नाहीत. वशिंडाच्या गाईंवर युरोपीय गाईंपेक्षा गोचीड कमी टिकतो. गोचिडातून येणाऱ्या थायलेरिया रोगाची लागण आपल्याकडच्या साहिवाल आणि विदेशी होल्स्टिन वासरांना सारखीच करून पाहिली गेली आहे, आणि साहिवालमध्ये आजार पुष्कळ सौम्य राहिला. हजारो वर्षं ज्या रोगाबरोबर जनावर जगलं, त्या रोगापुरती निवड निसर्गानं करून ठेवली आहे.

पण 'त्या रोगापुरती' हे शब्द सोडू नका. गोचिडाला दाद न देणारी गाय लाळ्या-खुरकुतापासून सुटत नाही. त्या विषाणूचे सात प्रकार, आणि एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला चालत नाही. बुळकांडी आठवणारे आता थोडेच उरले असतील. तिनं कळपच्या कळप नेले, काटकही आणि नाजूकही. ती गेली लशीनं. शेवटचा रुग्ण २००१ मध्ये केनियात सापडला आणि २०११ मध्ये जगातून तिचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर मुळापासून उपटलेला हा दुसराच रोग. काटक जातीच्या भरवशावर लस चुकवलेला कळप मी मरताना पाहिला आहे. आडवाट, तुमची सल्ल्यामागची तळमळ कळते, पण या एका मुद्द्यावर मी तुम्हाला विनवतो की असं कुणाला सांगू नका.

रोग आणि रक्त हातात हात घालूनही चालतात. मेंढ्यांतला स्क्रेपी हा मेंदूचा जीवघेणा रोग पाहा. तो लागट आहे, एका मेंढीचा दुसरीला जातो. पण कुणाला लागणार हे बरंचसं एका जनुकाच्या तीन जागांवर ठरतं. नेहमीच्या स्क्रेपीची बाधा त्या जनुकाच्या 'एआरआर' नावाच्या प्रकाराच्या दोन प्रती असलेल्या मेंढीला जवळजवळ होतच नाही. म्हणून ब्रिटननं २००१ पासून मेंढे तपासून पैदाशीला ठेवायची योजनाच राबवली.

कळपवाट

शेळ्यांचा अनुभव लिहितो, कारण ही चूक मी स्वतः सहा वर्षं केली. शिंगांनी एकमेकींच्या कासा फाडतात म्हणून बिनशिंगी बोकड ठेवला, त्याच्या बिनशिंगी पाटी ठेवल्या, पुढचा बोकडही बिनशिंगीच. तिसऱ्या पिढीत काही पाटी माजावरच येईनात. बोकडासारख्या गुरगुरायच्या, अंगाला बोकडाचा वास. खनिज मिश्रण दिलं, जंताचं औषध दिलं, एक जण म्हणाला जागा बदल. शेवटी एका पशुवैद्यांनी उलगडा केला.

शेळीत बिनशिंगीपण वरचढ आहे, एक प्रत मिळाली तरी शिंगं येत नाहीत. पण त्याच बदलामुळे दोन्ही प्रती मिळालेली मादी पूर्ण मादी होत नाही, मधलीच राहते. बिनशिंगी बिनशिंगीला लावली की हे होणारच. जोडीतलं एक जनावर शिंगाचं ठेवलं की प्रश्न मिटतो. गेली पाच वर्षं तसंच करतो, एकही तसली पाट नाही. एकाच जनुकाचे दोन परिणाम असू शकतात आणि एक वरचढ तर दुसरा दबलेला असू शकतो, हे मला शेळ्यांनी शिकवलं.

चाराकुट्टी

कळपवाट, माझ्याकडे एक कालवड कधीच गाभण राहिली नाही, ती जुळ्यातली होती, बरोबर गोऱ्हा होता. तेही असंच का?

जुना_पशुवैद्य

नाही, ते वेगळं. गाईच्या जुळ्यांत बहुतेक वेळा दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि गोऱ्ह्याकडचे संदेश कालवडीची जननेंद्रियं बिघडवतात. अशा दहांतल्या नऊहून अधिक कालवडी वांझ निघतात. जनुकांत दोष नसतो, तेव्हा त्यासाठी आईला दोष देऊ नका.

चाराकुट्टी

आभार. अजून एक विचारतो. कासदाह. माझ्या एका गाईला दर वेताला होतो. तिच्या कालवडी ठेवू की नको? ब्लॅडसारखी काही चाचणी असते का त्याला?

निळी_शाई

त्याला एक जनुक नाही, शेकडो आहेत, आणि प्रत्येकाचा वाटा कणभर. शिवाय धार काढणाऱ्याचे हात, बसायची जागा, सडांची निगा, यंत्राचा दाब. दोन गाईंमध्ये जो फरक दिसतो त्यातला किती हिस्सा पुढच्या पिढीत उतरतो, त्याला अनुवंशक्षमता म्हणतात. दुधातल्या फॅटच्या टक्केवारीत तो निम्म्याच्या आसपास असतो, दुधाच्या प्रमाणात साधारण चौथा हिस्सा ते तिसरा, आणि कासदाहात शंभरात दोन ते पाच. म्हणजे तुमच्या एका गाईचा कासदाह पाहून तिच्या कालवडीबद्दल जवळजवळ काहीच सांगता येत नाही. आधी गोठा आणि धार सुधारा.

पण म्हणून पैदाशीतून काही होत नाही असं नाही. नॉर्वेनं १९७८ पासून वळू निवडताना त्याच्या लेकींचा कासदाह गणितात धरला. एका गाईवरून कळत नाही, पण एका वळूच्या शेकडो लेकी वेगवेगळ्या गोठ्यांत असल्या की गोठ्याचा परिणाम बाजूला पडतो आणि वळूचा हिस्सा दिसायला लागतो. ते त्यांना जमलं कारण तिथं प्रत्येक उपचाराची नोंद होत होती. नुसत्या दुधावर निवड करत गेलं तर कासदाह हळूहळू वाढतो, कारण दोघांची काही जनुकं एकाच दिशेनं ओढतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपण जे मोजत नाही ते आपल्या नकळत बिघडत जातं.

दावणकरी

पंधरा दिवसांनी लिहितोय. माफ करा.

व्हायरल डायरियाची तपासणी केली, कळपात कुणीच नाही. वळू आणि त्या तिन्ही गाईंचे केस पाठवले होते. चौघेही ब्लॅडचे वाहक.

अहवाल येईपर्यंत जुन्या वह्या घेऊन बसलो आणि जे मला आधी दिसायला हवं होतं ते दिसलं. त्या तिन्ही गाई याच वळूच्या लेकी आहेत. पहिल्या दोन वर्षांत बाहेरून आणलेल्या गाईंना तो लावला तेव्हा एकही वासरू गेलं नाही. लेकी मोठ्या झाल्या, मी त्याच वळूकडे नेल्या, आणि तिथून सुरू झालं. लेकींना त्याच्यापासून आतापर्यंत १४ वासरं झाली, त्यांतली ही ३.

निळी_शाई

हिशोब जुळतो, दादा. वाहक बापाच्या लेकींपैकी निम्म्या वाहक. वाहक लेक आणि तोच बाप, यांची चारांत एक वासरं आजारी. म्हणजे बाप-लेकीच्या जोडीत आठांत एक. १४ मागे पावणेदोन अपेक्षित, तुम्हाला तीन झाली. एवढा फरक नशिबानं पडतो. दोष ब्लॅडपुरताही नाही. बाप-लेकीच्या संकरात वासराच्या २५ टक्के जनुकांच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात, सावत्र भावंडांच्या संकरात साडेबारा टक्के. जो काही बिघाड लपलेला असेल त्याला वर यायला वाट मिळते.

जुना_पशुवैद्य

आणि स्वतःला फार दोष देऊ नका. मोठमोठ्या वीर्यकेंद्रांकडूनही हेच झालं आहे. ब्लॅडची मुळं शोधत गेल्यावर सगळे धागे ऑसबॉर्नडेल आयव्हन्हो या एकाच अमेरिकी वळूपाशी पोचले. १९५० आणि ६० च्या दशकांत त्याचं रेत खूप वापरलं गेलं, आणि १९९२ मध्ये जनुकातला बदल सापडला तेव्हा तिथले सुमारे १५ टक्के होल्स्टिन वळू वाहक होते. चाचणी आल्यावर वाहक वळू मागे घेतले गेले आणि दोष झपाट्यानं उतरला.

पॉनी फार्म आर्लिंडा चीफ या वळूची गोष्ट तर मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायचो. जन्म १९६२ चा. त्याला १६,००० लेकी आणि वीस लाखांवर पणत्या. दुधाला त्यानं अपरंपार दिलं. पण त्याच्या एका जनुकाची एक प्रत तुटकी होती, आणि दोन तुटक्या प्रती आल्या की गर्भ पोटातच जातो. गाय उलटली म्हणजे पुन्हा माजावर आली, पुन्हा भरवली, एवढंच दिसायचं. आजारी वासरूच जन्मत नसल्यानं पन्नास वर्षं कुणाला कळलं नाही. २०११ मध्ये संशोधकांनी हजारो जनावरांच्या जनुकांत उलटा शोध घेतला: दोन प्रती असलेलं एकही जनावर जिवंत का सापडत नाही? तेव्हा तो उघडा पडला. तोवर जगभरात सुमारे पाच लाख गर्भ गेले होते.

आडवाट

दावणकरी, आता वळूचं काय करणार? आणि त्या गाई विकणार का?

दावणकरी

वळू पैदाशीतून काढला. वळू म्हणून तो कुणालाही देणार नाही. त्याचे दोन गोऱ्हे मागे दोन ओळखीच्यांनी पैदाशीसाठी नेले होते. काल दोघांकडे जाऊन समोर बसून सांगितलं आणि केस तपासायला लावले. सांगायला जड गेलं, पण त्यांच्या गोठ्यात कुणी रात्री वासराचं डोकं मांडीवर घेऊन बसू नये.

गाईंचं डॉक्टरांना फोनवर विचारलं. विकायची गरज नाही. तपासून मोकळ्या ठरलेल्या वळूचं रेत वापरलं तर वाहक गाईचं एकही वासरू आजारी होत नाही. उरलेल्या सहा लेकींचेही केस पाठवले, दोन वाहक निघाल्या, चार मोकळ्या.

एकच घोर लागलाय. वाहकांतली एक याच वळूपासून आठवा महिना भरून गाभण आहे.

जुना_पशुवैद्य

जन्मलं की चीक पाजा, आणि पहिल्याच आठवड्यात केस पाठवा. दोन बिघडलेल्या प्रती निघाल्या तर त्याला महिनोन्महिने सुया टोचत ठेवू नका, माझ्याशी बोला. चारांत तीन शक्यता तुमच्या बाजूच्या आहेत.

दावणकरी

कालवड झाली. केस पाठवले होते, आज अहवाल आला. एक प्रत बिघडलेली, एक धड. वाहक आहे, पण आजार नाही. मागच्या सोमवारी कानाला बिल्ला मारला होता, खपली धरून जखम भरत आली आहे.